‘ॲलर्जी’ शब्दाचा जनक आणि दुधाचे माप

काही शब्द विद्वानांच्या टिपणात जन्माला येतात आणि वाढतात मात्र बाजारात. ‘ॲलर्जी’ हा त्यांपैकीच एक. कोणाला धुळीची ॲलर्जी असते, कोणाला कोळंबीची, तर कोणी थट्टेने गणिताची ॲलर्जी असल्याचे सांगतो. तान्ह्या मुलाच्या आईबापांना मात्र या शब्दाची थट्टा सुचत नाही. काही कारणाने मुलाला वरचे दूध द्यावे लागले, की औषधांच्या दुकानातील फळीवर मांडलेले डबे त्यांच्यापुढे उभे राहतात. साधा डबा घ्यावा, प्रथिनांचे तुकडे केलेल्या दुधाचा घ्यावा, की सोयाबीनचा? अधिक पैसे मोजले तर मूल इसब, दमा आणि अन्नाची ॲलर्जी यांपासून खरोखरच वाचेल काय? महिन्याच्या ठराविक पगारात घर चालविणाऱ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नव्हे, तर अर्थशास्त्राचाही आहे.

या प्रश्नाची दोन्ही टोके, म्हणजे ॲलर्जी आणि बालकाचे दूध, एकाच माणसाच्या चरित्रात एकत्र आलेली आहेत, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली ‘ॲलर्जी’ हा शब्द घडविला, आणि पुढे दुधालाच सर्व अन्नाचे माप ठरवून उपासमारीने गांजलेल्या एका देशातील लाखो मुलांच्या ताटाचा हिशेब मांडला. पहिल्या कामगिरीत ते काळाच्या पुढे होते. दुसरीत अंशतः चुकले. या दोन्हींपासून आज शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

सरदारपुत्र बालरोगाकडे

पिर्के यांचा जन्म १२ मे १८७४ रोजी व्हिएन्नाजवळच्या हिर्शस्टेटन येथील जहागिरीवर झाला. वडील ऑस्ट्रियातील सरदार घराण्यातले. आई एका सधन पेढीवाल्या कुटुंबातून आलेली आणि अतिशय धर्मपरायण. धाकटा भाऊ ग्विडो पुढे अग्निबाण आणि अवकाशप्रवास यांच्या गणिताचा एक आद्य अभ्यासक म्हणून नावाजला. क्लेमेन्सने धर्मोपदेशक व्हावे, ही घरची अपेक्षा. त्याप्रमाणे त्यांनी इन्सब्रुक येथे धर्मशास्त्राचा आणि बेल्जममधील लूव्हाँ येथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास केलाही. पण त्यांचे मन तेथे रमले नाही. घरच्यांच्या नाराजीची पर्वा न करता ते वैद्यकाकडे वळले आणि १९०० साली ग्रात्स विद्यापीठातून डॉक्टर झाले.

ग्रात्समध्ये त्यांना थिओडोर एशरिख यांच्यासारखा गुरू लाभला. आतड्यातील ज्या जंतूला आज एशरिख यांच्याच नावाने ओळखतात, त्याचा शोध त्यांनी तान्ह्या मुलांच्या पचनाचा अभ्यास करतानाच लावला होता. १९०२ साली एशरिख व्हिएन्नाला आले. पिर्केही तेथील बालरुग्णालयात काम करू लागले. त्या काळच्या सरदार कुळातील तरुणाने बालरोगासारखी उपेक्षित शाखा निवडावी, हे अनेकांना चमत्कारिक वाटले असल्यास नवल नाही.

औषधातून उद्भवलेला आजार

त्या वेळी घटसर्पावर एक नवा उपाय हाती आला होता. घोड्याच्या शरीरात घटसर्पाचे विष थोडे थोडे टोचून त्याच्या रक्तात प्रतिविष तयार करावयाचे आणि त्या रक्तातील निवळ द्रव, म्हणजे सीरम, आजारी मुलाला टोचावयाचे, अशी ही पद्धत. १८९० साली बेहरिंग आणि किटासाटो यांनी तिचा पाया घातला. हजारो मुले तिच्यामुळे वाचली. परंतु वाचलेल्यांपैकी काहींना आठ-दहा दिवसांनी ताप येई, अंगावर पित्त उठे, सांधे दुखत, गाठी सुजत. मूळ रोग तर बरा झालेला. मग हा नवा आजार आला कोठून?

पिर्के आणि त्यांचे हंगेरीत जन्मलेले सहकारी बेला शिक यांनी या मुलांच्या खाटांशेजारी बसून दिवसांचा हिशेब ठेवला. सीरम पहिल्यांदा टोचल्यास लक्षणे साधारणतः आठ ते बारा दिवसांनी दिसत. तेच सीरम काही काळाने पुन्हा टोचले, तर मात्र ती फार लवकर, काही वेळा त्याच दिवशी आणि अधिक जोराने प्रकट होत. टोचलेला पदार्थ तोच आणि मूलही तेच. बदलले होते ते मुलाचे शरीर.

तोपर्यंतची समजूत अशी, की रोगाच्या संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ म्हणजे जंतूंना वाढण्यास लागणारा काळ. पण घोड्याच्या सीरममध्ये जंतू नसतातच. तेव्हा वाढणार काय? हा काळ शरीराला प्रतिपिंडे तयार करण्यास लागतो, आणि ही प्रतिपिंडे व परका पदार्थ यांच्या गाठीतूनच आजार उद्भवतो, असा निष्कर्ष पिर्के यांनी काढला. जे शरीराचे संरक्षण करते, तेच प्रसंगी त्याला पीडाही देते, हा विचार त्या काळी पचनी पडण्यासारखा नव्हता. १९०५ साली पिर्के आणि शिक यांनी ‘सीरमचा आजार’ या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हा पिर्के यांचे वय अवघे एकतीस होते.

दोन तोंडांचा शब्द

पुढील वर्षी, जुलै १९०६ मध्ये, म्युनिचच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचे एक छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले. ‘ॲलर्जी’ हा शब्द त्यात प्रथम आला. ग्रीक भाषेत ‘ॲलॉस’ म्हणजे अन्य, वेगळा आणि ‘एर्गॉन’ म्हणजे कार्य. परक्या पदार्थाशी एकदा संबंध आल्यावर शरीराची प्रतिक्रिया देण्याची क्षमता बदलते. या बदलाला पिर्के यांनी ॲलर्जी हे नाव दिले. बदल घडवून आणणाऱ्या पदार्थाला ‘ॲलर्जेन’ हे नावही त्यांचेच.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. पिर्के यांच्या मूळ कल्पनेत हा बदल एकाच दिशेचा नव्हता. देवीची लस एकदा टोचून घेतलेल्या माणसाला ती पुन्हा टोचली, तर त्याची त्वचा लवकर आणि वेगळ्या रीतीने प्रतिसाद देते, आणि तोच माणूस देवीपासून सुरक्षितही असतो. फुलांच्या परागाने शिंका येणाऱ्याचे, मधमाशीच्या दंशाने सुजणाऱ्याचे शरीरही बदललेलेच असते. मात्र तेथे बदल त्रासदायक ठरतो. संरक्षण आणि अतिसंवेदनशीलता ही दोन भिन्न राज्ये नसून एकाच नियमाची ती दोन रूपे आहेत, हे सांगण्यासाठीच त्यांना नव्या शब्दाची गरज भासली होती. पुढे व्यवहारात या शब्दाचे एक तोंड मिटले आणि केवळ त्रासाचे तेवढे उघडे राहिले. ही अर्थहानी वरवर पाहता भाषेपुरती वाटते. तिची किंमत मात्र शंभर वर्षांनंतरच्या मुलांना मोजावी लागली.

याच विचारातून १९०७ साली त्यांनी क्षयाची त्वचा-परीक्षा शोधून काढली. रॉबर्ट कॉक यांनी १८९० साली क्षयावरील औषध म्हणून ट्युबरक्युलिन पुढे आणले होते. औषध म्हणून ते फसले. पिर्के यांनी त्याचा थेंब हातावरच्या ओरखड्यात लावला. क्षयजंतूंशी शरीराचा पूर्वी संबंध आला असेल, तर एकदोन दिवसांत तेथे लालसर गाठ उठे. वरून निरोगी दिसणाऱ्या मुलांमध्येही क्षयाचा संसर्ग सुप्तावस्थेत दडलेला असतो, हे या साध्या ओरखड्याने उघड झाले. आपल्याकडे आजही परिचित असलेली मांटू परीक्षा ही १९०८ सालची त्याचीच सुधारलेली आवृत्ती होय.

कीर्ती समुद्रापार गेली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना बालरोगाचे पहिले प्राध्यापक म्हणून १९०९ साली बोलावून घेतले. तेथे ते फार काळ राहिले नाहीत. ब्रेसलाऊ येथे थोडा काळ अध्यापन केल्यावर, १९११ साली एशरिख यांच्या निधनाने रिकामी झालेली व्हिएन्नाच्या बालरुग्णालयाची जागा त्यांच्याकडे आली, आणि अखेरपर्यंत ते तेथेच राहिले.

दुधाचे नाणे

१९१४ साली महायुद्ध पेटले. शत्रुराष्ट्रांच्या नाकेबंदीने ऑस्ट्रियाचा आयात अन्नपुरवठा तुटला. व्हिएन्नासारख्या सुमारे वीस लाख वस्तीच्या शहरात दूध, पीठ, चरबी यांची टंचाई दिवसेंदिवस वाढत गेली. रोगी मुलांना काय द्यावे, यापेक्षा निरोगी मुलांना काय मिळावे, हाच प्रश्न बालरोगतज्ज्ञापुढे उभा राहिला. १९१७ पासून पिर्के यांनी आपली आहारपद्धती ग्रंथरूपाने मांडण्यास सुरुवात केली.

वेगवेगळ्या वस्तूंचे मोल एका मापात सांगावयाचे असेल, तर समाजाला नाणे लागते. पिर्के यांनी अन्नासाठी तसेच नाणे पाडले. त्यांनी कॅलरी बाजूला ठेवली, कारण ती सामान्य गृहिणीच्या डोळ्यांसमोर काहीच उभे करीत नाही. त्याऐवजी मातेच्या सरासरी दुधाच्या एका ग्रॅममध्ये जेवढे पोषण असते, ते एकक धरून त्याला ‘नेम’ असे नाव दिले. हे एकक म्हणजे एका कॅलरीचा सुमारे दोनतृतीयांश भाग. एक ग्रॅम पीठ म्हणजे सुमारे ५ नेम, साखर ६ नेम, लोणी सुमारे १२ नेम. दूध मिळाले नाही, तर त्याऐवजी किती पीठ वा किती साखर द्यावी, हे कोणालाही बेरीज-गुणाकाराने काढता यावे, हा त्यामागील हेतू.

गरज मोजण्याचीही त्यांनी एक रीत बसविली. मूल बसले असता त्याच्या डोक्यापासून बैठकीपर्यंतची उंची सेंटिमीटरमध्ये घ्यावयाची आणि तिचा वर्ग करावयाचा. आतड्याच्या अन्न शोषणाऱ्या पृष्ठभागाशी या वर्गाचा संबंध आहे, असे ते मानीत, आणि रोजच्या आहाराची कमाल मर्यादा त्यावरून ठरवीत. मूल किती खंगले आहे, हे पाहण्यासाठी त्याच्या वजनाच्या दहापटीचे घनमूळ काढून त्याला बसल्या उंचीने भागावयाचे. या निर्देशांकाला त्यांनी ‘पेलिडिसी’ असे लॅटिन शब्दांच्या आद्याक्षरांचे नाव दिले. नावे जरा विचित्र खरी, आणि सहकारी त्यांना हसतही असत. परंतु निर्देशांकामागील हेतू गंभीर होता. अन्न थोडे आणि तोंडे पुष्कळ अशा वेळी वाटप वशिल्याने वा दयेने होऊ नये, तर मोजलेल्या गरजेनुसार व्हावे, हा तो हेतू.

भुकेचा हिशेब

१९१८ साली साम्राज्य कोसळले. पुढच्या वर्षीच्या सें-जर्मेनच्या तहाने ऑस्ट्रिया हा एक लहानसा देश उरला. ज्या प्रदेशांतून धान्य, बटाटे आणि दूध येई, ते आता परके झाले होते. चलनवाढीने पगारदारांची बचत धुऊन निघाली. शिक्षक, कारकून, निवृत्तिवेतनधारक यांची मुले मजुरांच्या मुलांइतकीच उपाशी राहू लागली. क्षयाला तर फार पूर्वीपासूनच व्हिएन्नाचा रोग म्हणत. त्याने आणि मुडदुसाने आता घरोघरी ठाण मांडले.

हर्बर्ट हूव्हर यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकन मदत संघटनेने १९१९ साली ऑस्ट्रियातील मुलांना जेवण देण्याचे काम हाती घेतले आणि त्याची शास्त्रीय सूत्रे पिर्के यांच्याकडे सोपविली. शाळाशाळांतून मुले तपासली गेली. खंगलेल्या मुलांची निवड झाली. पीठ, तांदूळ, शेंगावर्गीय कडधान्ये, चरबी, कोको आणि डब्यातील आटवलेले दूध यांतून जेवणे तयार होऊ लागली आणि त्यांचे मोजमाप नेममध्ये झाले. मुलांची संख्या काही लाखांच्या घरात गेली. एका डॉक्टराच्या कागदावरील सूत्राने सबंध देशाच्या पोरांची पंगत चालविल्याची उदाहरणे इतिहासात विरळाच असतील. आज अंगणवाड्यांतून मुलांची वजने घेऊन कुपोषणाच्या श्रेणी ठरविल्या जातात. माप आता निराळे आहे, पण मोजून वाटावे हे तत्त्व तेच आहे.

चूक आणि तिची कबुली

तथापि कोणतेही नाणे वस्तूंमधील गुणभेद झाकून टाकते. एक नेम साखर आणि एक नेम दूध हिशेबाच्या वहीत समान ठरतात. मुलाच्या हाडात ती समान ठरत नाहीत. जीवनसत्त्वांचे शास्त्र त्या वेळी नुकतेच आकाराला येत होते आणि पिर्के यांचा त्यावर फारसा विश्वास नव्हता. मुडदूस हा एखाद्या संसर्गाने होणारा रोग असावा, असे त्यांचे मत होते.

१९१९ च्या अखेरीस लंडनच्या लिस्टर संस्थेतून हॅरिएट चिक या संशोधिका आपल्या सहकारी स्त्रियांसह व्हिएन्नात आल्या. आहारातील उणिवेनेच मुडदूस होतो की काय, हे त्यांना तपासावयाचे होते. त्यांचा तर्क आपल्या मताविरुद्ध आहे, हे ठाऊक असूनही पिर्के यांनी आपल्या रुग्णालयातील कक्ष, परिचारिका आणि तान्ही मुले यांची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. काही मुलांना व्हिएन्नातील रूढ आहार, म्हणजे दूध व साखर, मिळे. इतरांना भुकटीचे सायीसकट दूध आणि कॉडलिव्हर ऑइल. स्वच्छता, हवा, देखभाल सारखीच. हिवाळा संपता संपता पहिल्या गटातील अनेक मुलांच्या हाडांत मुडदूस दिसू लागला. कॉडलिव्हर ऑइल मिळालेली मुले त्यापासून बचावली. सूर्यप्रकाशानेही हाच गुण येतो, हे त्याच प्रयोगमालेत सिद्ध झाले. १९१९ ते १९२२ या काळातील हे काम आज पोषणशास्त्रात आदर्श मानले जाते.

नेमच्या हिशेबाने पहिल्या गटाचे पोटही भरत होते. उणीव होती ती हिशेबात न धरलेल्या घटकाची. पिर्के यांनी हा निकाल मान्य केला. स्वतःच्या रुग्णालयात स्वतःच्या मताची परीक्षा होऊ देणे आणि ती विरुद्ध गेल्यावर निकालाला वाट करून देणे, हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोलाचा प्रसंग म्हटला पाहिजे. ‘नेम’ पद्धती पुढे कालबाह्य झाली. तो प्रयोग मात्र टिकला.

युद्धोत्तर काळात पिर्के हे ऑस्ट्रियातील अत्यंत लोकप्रिय व्यक्तींपैकी एक झाले. १९२८ साली राष्ट्राध्यक्षपदासाठीही त्यांचे नाव घेतले गेले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांची अनेकदा शिफारस झाली. ते मात्र मिळाले नाही. बाहेरच्या या वैभवामागे घरात दीर्घ दुःख होते. त्यांच्या पत्नी मारिया दीर्घकाळ आजारी असत आणि झोपेच्या औषधांवर अवलंबून होत्या. विवाह सरदार घराण्याला मान्य नव्हता, आणि त्यांना मूलबाळही नव्हते. २८ फेब्रुवारी १९२९ रोजी पतिपत्नींनी एकत्रच आपले जीवन संपविले. पिर्के यांचे वय तेव्हा चोपन्न वर्षांचे होते. लाखो मुलांना जगविणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातील अंधारावर उपाय सापडला नाही, यापलीकडे त्यावर भाष्य करण्याचा अधिकार कोणास नाही.

शब्दाचा पुढील प्रवास

शब्द मात्र त्यांच्यामागे वाढत राहिला. १९१२ साली न्यूयॉर्कचे ऑस्कर श्लॉस यांनी पिर्के यांच्या ओरखड्याच्याच धर्तीवर परीक्षा करून एका मुलाला अंडे आणि इतर काही पदार्थ सोसत नसल्याचे दाखवून दिले. पिर्के निवर्तले त्याच १९२९ साली अमेरिकेत गाईचे दूध न सोसणाऱ्या बालकांसाठी सोयाबीनच्या आहाराची माहिती प्रसिद्ध झाली. १९३६ साली शिकागोतील वीस हजारांहून अधिक बालकांच्या पाहणीत, गाईच्या दुधावर वाढलेल्या मुलांत इसबाचे प्रमाण अंगावर पिणाऱ्या मुलांच्या सुमारे सातपट आढळले. १९४२ साली दुधातील केसीन या प्रथिनाचे बारीक तुकडे केलेली भुकटी बाजारात आली. ज्या मुलांना गाईच्या दुधाची ॲलर्जी खरोखरच होती, त्यांना ती जीवदान देणारी ठरली, यात शंका नाही.

परंतु उपचार वेगळा आणि प्रतिबंध वेगळा. ज्याला ॲलर्जी आहे त्याला उपयोगी पडणारे दूध, ज्याला ती नाही त्याला ती होऊ देणार नाही, असे मानण्यास आधार काय? तरीही ही समजूत पसरली. तिच्या जोडीला आणखी एक समजूत आली. ॲलर्जी म्हणजे केवळ अपाय. तेव्हा अपाय करू शकणाऱ्या पदार्थापासून मुलाला जितके दूर ठेवावे तितके बरे. २००० साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या मुलांना गाईचे दूध एक वर्षापर्यंत, अंडे दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणे तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत, असा सल्ला दिला. २००८ साली, पुरेसा पुरावा नसल्याचे मान्य करून, तिला ही भूमिका बदलावी लागली.

त्याच वर्षी एक लक्षणीय तुलना पुढे आली. ब्रिटनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याच्या ॲलर्जीचे प्रमाण इस्रायलमधील मुलांच्या सुमारे दहापट निघाले. इस्रायलमध्ये मुले पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा खाऊ खातात. ब्रिटनमध्ये तो त्यांना दिला जात नसे. मग लंडनमध्ये प्रयोग झाला आणि त्याचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बालके निवडून, त्यांची त्वचा-परीक्षा करून, निम्म्यांना शेंगदाणा वर्ज्य केला आणि निम्म्यांना तो पहिल्या वर्षापासूनच नियमित दिला. पाच वर्षांच्या वयात, शेंगदाणा खाणाऱ्यांमध्ये त्याच्या ॲलर्जीचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळले. मुलाला दूर ठेवून जे साधले नाही, ते योग्य वेळी, योग्य मार्गाने ओळख करून दिल्याने साधले. संपर्काने शरीराची वृत्ती बदलते, आणि ती दोन्ही दिशांना बदलू शकते, हेच तर १९०६ सालच्या त्या टिपणाने सांगितले होते. शब्दाचे मिटलेले तोंड शंभर वर्षांनी पुन्हा उघडले.

डबा आणि खिसा

आता मूळच्या प्रश्नाकडे वळता येईल. प्रथिनांचे तुकडे केलेले दूध निरोगी मुलात ॲलर्जीला प्रतिबंध करते, असे निष्कर्ष एके काळी काही पाहण्यांतून निघाले होते. पण सर्व अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा सातत्याने टिकणारा पुरावा सापडला नाही. २०१९ साली अमेरिकन अकादमीनेही तसेच नमूद केले. सोयाबीनचे दूध प्रतिबंधक म्हणून देण्यासही आधार नाही. याउलट युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेच्या अलीकडील मार्गदर्शनात, अंगावर पिणाऱ्या बालकाला जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात गाईच्या दुधापासून केलेले वरचे दूध देण्याचे टाळावे, असे सुचविले आहे. प्रसूतिगृहात आईला दूध उतरेपर्यंत चमचाभर डब्याचे दूध पाजण्याची सवय म्हणूनच निरुपद्रवी समजता येत नाही.

मातेचे दूध ॲलर्जीवरील हमखास कवच आहे, असा दावाही प्रामाणिकपणे करता येणार नाही. तान्हेपणीच्या इसबापासून त्याने काही संरक्षण मिळते. अन्नाच्या ॲलर्जीबाबत मात्र पुरावा निर्णायक नाही. परंतु त्या दुधाचे मोल एवढ्या एका गुणावर अवलंबून नाहीच. अतिसार आणि श्वसनाचे विकार यांपासून ते मुलाला जपते, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. ज्या मातांना ते शक्य होत नाही, त्यांनी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. निरोगी मुलास गाईच्या दुधापासून केलेले साधे बाळदूध, उकळून घेतलेल्या पाण्यात, डब्यावर सांगितलेल्या मापाने, पातळ न करता दिले म्हणजे पुरते. महागडा डबा लागतो तो ॲलर्जीचे निदान झालेल्या मुलाला, आणि तोही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. शेजाऱ्याच्या शिफारशीने किंवा किंमत जास्त म्हणून गुण जास्त अशा हिशेबाने तो घेऊ नये.

किंमत हेच गुणाचे माप समजणे, ही ‘नेम’च्या चुकीचीच बाजारी आवृत्ती आहे. विशेष डबा घेण्याच्या नादात काटकसर म्हणून भुकटी कमी घालून दूध पातळ करणारी घरे थोडी नाहीत. ॲलर्जीच्या काल्पनिक भीतीपोटी तेथे मूल खरोखरच्या कुपोषणाकडे ढकलले जाते. या बाजारावर अंकुश असावा म्हणून १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने आचारसंहिता केली. भारताने १९९२ साली त्यासाठी कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अन्नाची जाहिरात, फुकट नमुने, डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र यांना त्या कायद्याने बंदी आहे. कायदा कागदावर चांगला आहे. पण आईबापांच्या मनातील भीतीला कायदा बंदी घालू शकत नाही. ते काम ज्ञानाचेच आहे.

आणि हे ज्ञान अवघडही नाही. आपल्याकडे सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण करतात. तेथून पुढे वरण, भात, मऊ शिजवलेले अंडे आणि शेंगदाण्याचा बारीक कूट पातळ लाप्शीत कालवून, असे घरचे अन्न हळूहळू मुलाच्या ओळखीचे करून द्यावे. अख्खा दाणा घशात अडकण्याचा धोका असल्यामुळे तो मात्र लहान मुलाला कधीच देऊ नये. ज्या मुलाला तीव्र इसब आहे किंवा एखादा पदार्थ पूर्वी बाधला आहे, त्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांना दाखवावे. ते बहुधा मुलाच्या हातावर बारीक टोचणी करून थेंब लावतील आणि काही मिनिटे वाट पाहतील. ही परीक्षा ज्या ओरखड्यातून निघाली, तो व्हिएन्नाच्या रुग्णालयातला. तो घालणाऱ्या डॉक्टराने मुलाच्या शरीराविषयी काही गृहीत धरण्यापूर्वी त्यालाच विचारून पाहिले होते.